नाताळच्या झाडावरचा दागिना

(नाताळनिमित्त आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

नाताळचे झाड आता आपल्याकडे कोणाला नवे राहिलेले नाही. डिसेंबर महिना उजाडला की शाळांतून, दुकानांतून, मोठ्या शहरांतील उपाहारगृहांतून ते उभे राहते. त्यावर तांबडे-सोनेरी गोळे, घंटा आणि तारे टांगलेले असतात. पाहणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते गोळे खोक्यात जातात आणि पुष्कळदा खोके केरात जाते. परंतु या लहानशा टांगत्या वस्तूमागे कोणा कलावंताची योजना असते, तिला स्वतःचे शास्त्र आहे आणि चारशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, याची जाणीव आपणांस सहसा नसते. मलाही ती नव्हती. निर्मल येथील एका वृद्ध कारागिराने मला तीन प्रश्न विचारले, तेव्हा ती झाली. ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे शोधताना मला जे कळले, ते आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

मी बासरला शिक्षक आहे. गोदावरीच्या काठी, धर्माबादेच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या सरहद्दीला लागून असलेले हे गाव सरस्वतीच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे; लहान मुलांना अक्षराभ्यासासाठी आईबाप दूरदूरहून येथे घेऊन येतात. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा येथे सारख्याच सहजपणे कानी पडतात. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आले आहे. ज्या गावाचे नाव या जिल्ह्याला मिळाले, ते निर्मल लाकडी खेळण्यांसाठी आणि रंगकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले आहे. भैंसा गावावरून बसने तेथे जाता येते.

माझे मूळ घर वसईकडचे. तिकडे नाताळात घरोघर गोठा मांडतात, दाराशी कागदी तारा लावतात. बासरला बदलून आल्यावर मीही तारा लावू लागलो आणि शेजारची मुले तो पाहावयास येऊ लागली. झाडावरचे गोळे मात्र बाजारातून आणलेले, प्लास्टिकचे. त्यांचा रंग एका वर्षात उडे. काही वर्षांपूर्वी मनात आले की, एवढे निर्मल जवळ असताना हे कशासाठी? चार आकृत्या कागदावर काढल्या : एक तारा, एक गाय, एक कोकरू आणि एक बाळाला घेतलेली आई. प्रत्येकीचे तीन-तीन नग करून घ्यावेत, असा विचार करून मी एका कारागिराच्या दाराशी जाऊन बसलो. त्याने चष्मा लावून माझा कागद पाहिला आणि तेलुगू व दखनी मिसळून पहिला प्रश्न केला,

"सार, हे ठेवायचे आहे की टांगायचे आहे?"

प्रश्न साधा वाटतो. पण या कलेचा पायाच त्यात आहे. फळीवर ठेवावयाच्या बाहुलीला बूड लागते आणि बूड जड असले तर बरेच. तिला पुढची बाजू असते आणि मागची बाजू असते. मागच्या बाजूला रंगाचा हात थोडा कमी पडला तरी चालते. टांगलेली वस्तू निराळी. ती दोऱ्यावर सावकाश फिरते, म्हणून तिला पाठ नसते. तिचे वजन टांगण्याच्या बिंदूच्या नेमके खाली आले नाही तर ती तिरकी लोंबते. झाडाच्या फांदीचे टोक बारीक. त्यावर भार पडला की ते वाकते आणि वस्तू घसरून फुटते. हलकेपणा, तोल आणि सर्व बाजूंनी सारखे रूप, या तीन अटी पाळल्या तरच हा दागिना साधतो.

या अटी माणसाला एकदम सुचलेल्या नाहीत. १६०५ सालच्या एका टिपणात स्ट्रासबुर्ग शहरातील घरांमध्ये झाडे उभारून त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पोळीच्या चकत्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगीत, असा उल्लेख सापडतो. सफरचंद आले ते बायबलच्या पहिल्या कथेतून. जुन्या युरोपात २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस मानीत. त्या सुमारास होणाऱ्या नाटकात एदेन बागेतले झाड म्हणून सफरचंदे बांधलेले सूचिपर्णी झाड रंगभूमीवर आणीत. म्हणजे झाडावरचा पहिला गोल दागिना हे खरे फळ होते. आजच्या तांबड्या गोळ्याचा तांबडेपणा त्या फळाचा आहे.

पण फळ जड असते आणि सुकते. त्याला हलके करण्याचे काम केले जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातल्या लाउशा या डोंगरी गावाने. तेथे १५९७ पासून काचेची भट्टी होती. सफरचंदे विकत घेण्याची ऐपत नसलेल्या एका गरीब काचकाऱ्याने मुलांसाठी काचेची फळे फुंकली, अशी दंतकथा तेथे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गावी काचेचे गोळे, फळे आणि अक्रोड होऊ लागले होते, हे खरे. १८६७ साली तेथे गॅसचा कारखाना निघाला. त्यामुळे दिव्याची ज्योत हवी तशी राखता येऊ लागली आणि काचेची भिंत अगदी पातळ फुंकणे शक्य झाले. नळी ज्योतीवर धरावयाची, मऊ झाली की साच्यात फुंकावयाची, आत चांदीचे द्रावण फिरवून आरशासारखी चकाकी आणावयाची, मग बाहेरून रंग द्यावयाचा. पुरुष फुंकीत आणि बायकामुले रंगवीत. अशा तऱ्हेने सगळे घरच कारखाना झाले.

पाठ नसलेली वस्तू कशी असते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र एका शाळेतून आले, हे सांगताना मला शिक्षक म्हणून विशेष आनंद होतो. जर्मनीतील नीस्की येथे मोरेव्हियन पंथाची मुलांची शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मुले भूमितीचा पाठ म्हणून कागदाच्या अणकुचीदार ताऱ्या करीत. पुढे या शाळेत शिकलेल्या पीटर व्हेर्बेक याने हेर्नहुट गावी त्या विक्रीसाठी करण्यास आरंभ केला. ज्या घनाकृतीवर हा तारा उभा आहे तिला १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशी २६ तोंडे असतात. वरचा एक चौरस टांगण्यासाठी आणि आत दिवा सोडण्यासाठी मोकळा ठेवतात. उरलेल्या २५ तोंडांवर सुळके बसतात. कोठूनही पाहा, एक तरी सुळका आपल्याकडे रोखलेला असतोच. गोव्यात आणि वसईत दाराशी लागणारे कागदी तारे, आणि आपल्या दिवाळीचा आकाशकंदील, हेही याच जातीचे : कागद, काड्या, खळ आणि आतला उजेड.

आपल्या देशात हा हलकेपणा कागदातूनच साधलेला आहे, आणि त्याचा मोठा कारखाना आहे काश्मीरमध्ये. पंधराव्या शतकात सुलतान जैनुल आबिदीन याने मध्य आशियातून कारागीर आणविले, अशी तिकडची परंपरा सांगते. श्रीनगरातील कारागीर गेली अनेक दशके युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी कागदाच्या लगद्याचे नाताळगोळे, घंटा आणि तारे करीत आले आहेत. कामाचे दोन भाग असतात. सख्तसाज वस्तूचे अंग घडवितो : कागद भिजवून कुटावयाचा, तांदळाच्या खळीत कालवावयाचा, साच्यावर थापून वाळवावयाचा, करवतीने कापून साचा मोकळा करावयाचा आणि दोन्ही वाट्या सरसाने जोडावयाच्या. मग घासून गुळगुळीत करून ती वस्तू नक्काशाकडे जाते. तो पांढरा लेप देतो, रंगाची जमीन करतो, बारीक कुंचल्याने फुलांत फूल गुंफीत जातो आणि शेवटी रोगण चढवितो. बहुतेक कारागीर मुसलमान आहेत. आणि दूरच्या ख्रिस्ती घरातील झाडावर त्यांच्या हातची चिनारची पाने सावकाश फिरत असतात.

आता निर्मलचे लाकूड. निर्मलच्या कारागिरांनाही नक्काश असेच म्हणतात. त्यांचे लाकूड पोनिकी नावाच्या झाडाचे. ते इतके मऊ आणि हलके की सावंतवाडीच्या चितार आळीत वापरला जाणारा आपला पांगारा आठवावा. ओल जाईपर्यंत ते मंद आचेवर तापवितात, मग कोरतात. हात, पाय, शिंगे, पंख असे भाग वेगळे करून चिंचोक्यांच्या खळीत लाकडाचा भुसा मळून केलेल्या लांबीने जोडतात. त्याच लांबीने खळगे भरतात, वरून पांढऱ्या मातीचा हात देतात, घासतात आणि रंगवितात. पक्षी, जनावरे आणि विशेषतः फळे व भाज्या यांबद्दल निर्मलची ख्याती आहे. म्हणजे झाडावर टांगावयास लागणारा हलकेपणा या लाकडात जन्मतःच आहे. आमच्या कारागिराला मी 'टांगायचे' असे उत्तर दिले तेव्हा त्याने कोपऱ्यातील लाकडाचा तुकडा तळहातावर तोलून पाहिला आणि मान डोलावली. मग गायीच्या पाठीवर नेमके कोठे भोक पाडावयाचे हे ठरविण्यासाठी त्याने एक जुनी गाय दोऱ्याच्या फासात अडकवून बराच वेळ पुढे-मागे सरकविली. भूमितीचा हा पाठ मला फळ्यावर इतका चांगला शिकविता आला नसता.

दुसरा प्रश्न त्याने चहा सांगितल्यावर विचारला,

"हे एकदाच करायचे की दरवर्षी?"

मी ओशाळलो. नव्या आकृतीसाठी आधी नमुना कोरावा लागतो, तो दोन-तीनदा बिघडतो, रंगांची निवड करावी लागते. हे सारे श्रम बारा नगांवर कसे भरून निघणार? तोच राघू किंवा तोच आंबा तो डोळे मिटून कोरू शकतो. नवी वस्तू म्हणजे नुकसान. पोनिकीची झाडे जंगलात विरळ होत गेली, लाकूड महाग झाले, मुले दुसऱ्या उद्योगांकडे वळली. अशा वेळी हौसेच्या गिऱ्हाइकाने एकदा येऊन कौतुक करून जाणे त्याला परवडणारे नाही. त्याच्या प्रश्नात त्याची रोजी होती.

हाच प्रश्न पाश्चात्त्य देशांतील या धंद्याने वेगळ्या रीतीने सोडविला आहे. वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने १८८० च्या सुमारास लाउशाचा माल विकावयास घेतला आणि तो अमेरिकेत घरोघर गेला. १९३९ साली युद्ध पेटल्यावर जर्मन माल बंद झाला. तेव्हा विजेचे दिवे फुंकणारे कॉर्निंग कंपनीचे यंत्र गोळे फुंकू लागले. हाताने दिवसाला काहीशे होणारे काम यंत्र लाखांनी करू लागले. गोळा स्वस्त झाला आणि त्याच कारणाने तो कोणाच्या लक्षात राहीनासा झाला. मग कलावंताची गरज पुन्हा भासली. १९७३ साली हॉलमार्क या भेटकार्डांच्या कंपनीने संग्रहासाठी म्हणून दागिने काढले. त्यांतील युक्ती अशी की, एका वर्षाची आकृती त्याच वर्षापुरती. वर्ष सरले की ती पुन्हा होणे नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचा इतिहास जपणाऱ्या संस्थेनेही १९८१ पासून दरवर्षी एक नवा दागिना काढण्याचा प्रघात ठेवला आहे. त्यामुळे कलावंताला दरवर्षी काम, आणि घेणाऱ्याला दरवर्षी परत येण्याचे निमित्त.

यात व्यापार आहे, हे उघड आहे. दुर्मिळता मुद्दाम निर्माण केलेली आहे, हेही खरे. पण त्यात माणसाच्या मनाची एक ओळखही आहे. क्रिस्टोफर रॅडको या अमेरिकन गृहस्थाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. १९८३ साली त्याच्या घरचे नाताळचे झाड कोसळले आणि तीन-चार पिढ्यांनी जमविलेले हजाराहून अधिक काचेचे दागिने फुटले. बाजारात तसले मिळेनात. पुढच्या वर्षी तो पोलंडमध्ये गेला असता त्याला जुन्या पद्धतीने फुंकणारा काचकार भेटला. त्याच्याकडून त्याने काही नग करून घेतले, ते मित्रांनी मागून नेले आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. फुटलेल्या वस्तूंची किंमत काचेची नव्हती. प्रत्येकीला एक वर्ष चिकटलेले होते : हे आजीने आणले, हे मूल जन्मले तेव्हाचे. आपल्या घरात गौरीच्या किंवा दिवाळीच्या किल्ल्याच्या पेटीतील जुनी चित्रे आपण अशीच जपतो. दागिन्यावर वर्ष घालण्याची रीत यासाठीच होय.

मी कारागिराला सांगितले, "दरवर्षी. पण दरवर्षी एकच नवी आकृती, आणि तिच्यावर वर्ष लिहायचे." तो हसला. पाठच नसलेल्या वस्तूवर वर्ष कोठे लिहावे, हा त्याला प्रश्न पडला असावा.

तिसरा प्रश्न त्याने निघताना विचारला. बोट कागदावरील चौथ्या आकृतीवर होते.

"या आईने काय नेसले आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आकृती काढली होती ती वसईच्या घरातील परदेशी तसबिरीवरून : निळा पायघोळ झगा आणि डोक्यावरून ओढलेली निळी ओढणी. पण तो निळा तरी कोठला? युरोपातील चित्रकारांनी मरियेला निळे वस्त्र दिले, कारण अफगाणिस्तानाच्या डोंगरातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा तो रंग त्यांच्याकडे सर्वांत मोलाचा होता. आपल्या गावी जे सर्वांत मोलाचे, ते त्यांनी तिला नेसविले. नाझरेथची ती सुताराची पत्नी त्यांच्या चित्रांत कधी फ्लॉरेन्सची झाली, कधी फ्लँडर्सची. आपल्या देशातही हे घडले आहे. १५८० साली जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी आले. त्यांनी आणलेली चित्रे पाहून मोगल चित्रकारांनी माता आणि बालक आपल्या कलमाने रंगविले.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे आंजेलो द फोन्सेका. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने वैद्यकीचे शिक्षण सोडून मुंबईत कलेचे शिक्षण घेतले आणि मग शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याजवळ तो शिकला. त्याने मरियेला साडी नेसविली, तिला सावळा वर्ण दिला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात हे अनेकांना रुचले नाही. त्याच्यावर टीका झाली आणि त्याने गोवा सोडला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याला आसरा मिळाला, आणि १९६७ साली पुण्यातच त्याचे निधन झाले. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जतन केलेला आहे. ज्या भूमीने त्याची मरिया परकी मानली, त्याच भूमीत ती परत आली.

हे सारे त्या वेळी मी कारागिराला सांगितले नाही. मला एकाएकी आठवली ती माझी आजी. वसईच्या आमच्या बायका तांबडी लुगडी नेसत. तिचे लुगडेही तसेच, चौकड्यांचे, आखूड नेसलेले, शेतात आणि देवळात एकच. मी म्हटले, "तांबडे लुगडे. माझी आजी नेसायची तसे." त्याने विचारले, "म्हणजे कामकरी बाई?" मी म्हटले, "हो, कामकरी बाईच."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बारा नग तयार झाले. कापसात गुंडाळून, शाळेच्या खडूंच्या खोक्यात घालून मी ते घरी आणले. तारा सरळ टांगला गेला. गाय तोल साधून फिरत होती. आई तांबड्या लुगड्यात होती आणि बाळाला तिने कडेवर घेतले होते. निर्मलच्या बाया घेतात तसे. वर्ष मात्र कोठे दिसेना. मी दोनदा फिरवून पाहिले. शेवटी झाडाखाली जमिनीवर बसलेल्या शेजारच्या मुलीने वर बघून आकडे वाचले. कारागिराने ते प्रत्येक वस्तूच्या तळाशी घातले होते आणि तळही तितकाच निगुतीने रंगविला होता. पुढे भेटलो तेव्हा त्याने कारण सांगितले : टांगलेली वस्तू मोठी माणसे समोरून पाहतात, मुले खालून पाहतात.

यांतील तीन नग मी वसईला पाठविले. माझ्या वृद्ध मावशीचे पत्र आले : गाय फार छान, पण मरियेचा निळा रंग कोठे गेला? मी उत्तरात लाजवर्दी दगडाची आणि फोन्सेकाची हकीकत चार पाने भरून लिहिली. तिने उलट उत्तर पाठविले नाही. पुढच्या नाताळात मी वसईला गेलो तेव्हा गोठ्याच्या वर, दिव्याजवळ, तांबड्या लुगड्यातली आई टांगलेली होती. शेजारी जुनी निळी तसबीरही होतीच. मावशी एवढेच म्हणाली, "आईसारखी दिसते रे." कोणाची आई, ते मी विचारले नाही.

श्रोतेहो, आपणांपैकी ज्यांच्या घरी नाताळ होतो त्यांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी एक तरी वस्तू आपल्या जवळच्या कारागिराकडून करून घ्यावी. ती निर्मलची असो, सावंतवाडीची असो, नाही तर गावच्या सुताराची असो. त्याला घाई लावू नये, आपण टांगणार आहोत हे आधी सांगावे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा जावे. ज्यांच्या घरी नाताळ होत नाही, त्यांच्या घरीही तोरण, कंदील आणि झुंबर असतेच. त्यांनाही ही विनंती लागू आहे.

यंदाच्या आकृतीसाठी मी गेलो तेव्हा सफरचंदाची ती जुनी कथा त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "सफरचंद इकडे कुठे होते, सार? सीताफळ करू का?" आता सीताफळ हे फळ झाडावर टांगावयाचे म्हणजे अंगावरचा एकेक डोळा वेगळा कोरावयाचा. मी ती अडचण बोलून दाखविली. तो म्हणाला, "दरवर्षी म्हणालात ना? मग वेळ आहे."

आमच्या झाडावर यंदा सीताफळ आहे.